टँजरीन, प्रात आणि कूलरचा आवाज: मुलांचं वाचन मोजणाऱ्या साधनांची पारख

पहिली-दुसरीतलं मूल वाचायला कसं शिकतंय हे तपासताना दोन प्रश्न असतात. ते मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतं, आणि अडतं ते कुठे व कशामुळे. पहिल्याला घड्याळ लागतं, दुसऱ्याला कान. ही दोन्ही कामं यंत्राकडे सोपवता येतील असं सांगणारी बरीच साधनं आता मिळतात. नागपुरात डी.एल.एड.चे विद्यार्थी, एम.एड.चा प्रबंध करणारे, वस्तीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या लहान संस्था ती वापरू पाहतात आणि पैसे नेमके कशावर घालावेत इथेच गोंधळतात. इथे पारखलेली मुख्य साधनं दोन: टँजरीन हे चाचणी घेण्याचं ॲप आणि प्रात हे आवाज तपासण्याचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट. त्यांच्यासोबत लागणारा माइक, फोन आणि छापील कागद. शिवाय उच्चार ओळखणारी ॲप आणि डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे, कारण गाजावाजा त्यांचाच जास्त असतो.

मत आधीच सांगून टाकतो. वेळ मोजायला यंत्र बिनधास्त वापरा. चूक कोणती, आणि मुळात ती चूक आहे का, हे ठरवायला मात्र इथली बोली ओळखणारी दोन माणसं बसवा.

टँजरीन

नाव नागपूरकराला लगेच आवडावं असं, कारण टँजरीन हे संत्र्याच्याच कुळातलं फळ. ॲप मात्र अमेरिकेतल्या आरटीआय इंटरनॅशनल या संस्थेचं, मुक्तस्रोत, अँड्रॉइडवर चालणारं आणि शाळेत इंटरनेट नसलं तरी काम न अडवणारं. याच संस्थेनं २००६ पासून ‘एग्रा’ ही प्राथमिक वाचनाची चाचणी घडवली. एका मुलासोबत एकटं बसून घ्यायची, अक्षरं, शब्द आणि उतारा यांच्यासाठी प्रत्येकी साठ सेकंद देणारी ही चाचणी कागदावरून टॅबवर आणण्यासाठी टँजरीन आलं.

नवख्याचा पहिला गैरसमज असा की टॅब मुलाच्या हातात द्यायचा. तसं नाही. मुलासमोर छापील कागद असतो. टॅब चाचणी घेणाऱ्याकडे. तेच शब्द त्याच क्रमानं टॅबवर चौकटींत दिसतात. मुलानं पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू करायचं. चुकलेल्या शब्दावर बोट टेकवलं की खूण होते. मुलानं लगेच स्वतः सुधारलं तर पुन्हा टेकवून खूण काढायची, कारण सुधारलेला शब्द बरोबरच धरतात. तीन सेकंद थांबूनही काही आलं नाही तर पुढच्या शब्दावर बोट ठेवून ‘पुढचं वाच’ म्हणायचं आणि अडलेला शब्द चूक धरायचा. वेळ संपली की शेवटी वाचलेला शब्द दाखवायचा. पहिली ओळ पूर्ण चुकली तर चाचणी तिथेच थांबवायची सोय आहे. ती वापराच. अक्षरंच न येणाऱ्या मुलाला पूर्ण मिनिट ताटकळत ठेवण्यात ना अभ्यास आहे ना माणुसकी.

आकडा काढायची रीत सोपी आहे. शेवटच्या शब्दाचा क्रमांक घ्या, त्यातून चुका वजा करा, लागलेल्या सेकंदांनी भागा, ६० नं गुणा. साठ सेकंदांत ४६ शब्द आणि ५ चुका, म्हणजे ४१. दुसऱ्या मुलानं ५८ शब्दांचा अख्खा उतारा ५० सेकंदांतच संपवला आणि ४ चुकला, तर ५४ भागिले ५० गुणिले ६०, म्हणजे जवळजवळ ६५. कागद-पेन्सिलीनं काम करणारे इथे हमखास ५४ लिहून मोकळे होतात. उरलेले दहा सेकंद विसरले जातात आणि वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या वाचकांचेच आकडे खाली येतात. टँजरीन उरलेला वेळ आपणहून टिपतं. निव्वळ एवढ्यासाठीही ते घेण्यासारखं आहे, कारण केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीला किमान ६० शब्द ही रेघ आखलेली आहे, आणि रेघेजवळच्या मुलाला अकरा शब्दांचा फरक मोठा असतो.

२००५ पासून चालत आलेल्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणातल्या चाचणीशी याची गल्लत करू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल कोणत्या पायरीवर आहे हे ‘असर’ सांगतं, आणि गट पाडून शिकवायचं असेल तर तेवढं पुरतं. जुलैत शब्दाच्या पायरीवर असलेलं मूल जानेवारीतही त्याच पायरीवर दिसलं, तरी मधल्या काळात त्याचा वेग बारावरून पंचवीसवर गेलेला असू शकतो. ती हालचाल पायऱ्यांत दिसत नाही, सेकंदांत दिसते.

आकड्यांबाबत नागपूरला लागू असलेली एक सूचना. इथे मराठी आणि हिंदी माध्यमाच्या शाळा एकाच वॉर्डात असतात, त्यामुळे त्यांची शब्दगती शेजारी ठेवण्याचा मोह होतो. तो आवरा. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटवून लिहिते, हिंदी सुटी. ‘घरासमोर’ हा एक शब्द. ‘घर के सामने’ हे तीन. अक्षरं मोजली तर पहिल्यात पाच आणि दुसऱ्यात सहा. तुलना करायचीच असेल तर मिनिटाला किती अक्षरं वाचली ते काढा, नाहीतर मराठी माध्यमाची मुलं विनाकारण मागे दिसतील.

टँजरीनच्या उणिवा सर्व्हरपासून सुरू होतात. टॅबवरची माहिती एकत्र करून तक्त्यात आणायला सर्व्हर लागतो, आणि तो स्वतः उभारायचा तर डॉकर हे सर्व्हरवर लागणारं सॉफ्टवेअर कळणारा माणूस हवा. तसा माणूस नसेल आणि मुलं तीस-चाळीसच असतील तर छापील गुणपत्रक, फोनचं स्टॉपवॉच आणि एक एक्सेल शीट एवढ्यावर भागतं. टँजरीनचा खटाटोप करू नका. शंभराच्या पुढे मुलं किंवा तीनहून जास्त चाचणी घेणारे असतील तर मात्र तो वसूल होतो. दुसरी उणीव: चौकटीला बरोबर आणि चूक एवढ्या दोनच अवस्था. बोलीचा उच्चार, अंदाजानं घेतलेला शब्द, वेलांटीची चूक, सगळं एकाच खुणेत गडप होतं. तिसरी उणीव ॲपची नाही, वापरणाऱ्याची आहे: नजर मुलाच्या बोटाऐवजी टॅबवर खिळते. मूल एखादी ओळ सोडून खाली उतरलं की पुढच्या सगळ्या खुणा एक ओळ घसरतात. यावर एकच इलाज, सोबत आवाज रेकॉर्ड करणं.

कागद

यंत्रांच्या नादात मुलासमोर ठेवायचा कागद कोणीतरी संगणकावर घाईनं टाइप करतं आणि अभ्यास तिथेच बिघडतो.

पहिलं म्हणजे ल आणि श. पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या मुलाला पाकळीचा ल आणि शेंडीचा श ओळखीचा असतो. बरेच संगणकी फॉन्ट हिंदी वळणाची रूपं दाखवतात. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं दिलेली असतात त्यातही मजकुराची भाषा ‘मराठी’ ठरवल्याशिवाय ती उमटत नाहीत. सहा वर्षांचं मूल अनोळखी ल पाहून थांबलं तर ते थांबणं फॉन्टच्या खात्यावर जातं. छपाईला नेताना पीडीएफच न्या. वर्डची फाइल झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं, ऱ्य. ‘दऱ्या’ हवं असेल तर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करावं लागतं. साधा र घेतला की रफार येऊन ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. मूल जे छापलंय ते बरोबर वाचतं आणि आपण त्याला चूक देतो.

अक्षरं आणि शब्द २४ पॉइंटच्या आसपास, एका ओळीत दहा अक्षरं किंवा पाच शब्द, ओळींमध्ये मोकळी जागा. लॅमिनेशन करा, नाहीतर चौथ्या मुलापर्यंत कागद ओलसर होऊन कोपरे दुमडतात. पण मॅट करा. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की मधली ओळ दिसेनाशी होते.

निरर्थक शब्दांची यादी, म्हणजे ‘टमूक’, ‘लिगाप’, ‘सोदूम’ यांसारखे फक्त अक्षरं जोडूनच वाचता येतील असे शब्द, हा या चाचणीचा सर्वांत कामाचा भाग. पाठ केलेलं आणि खरंच उलगडून वाचलेलं यांतला फरक इथे उघडा पडतो. यादी केल्यावर ती मराठी, वऱ्हाडी आणि हिंदी बोलणाऱ्या तिघांना मोठ्यानं वाचून दाखवा. एखादा शब्द कुठल्यातरी बोलीत शिवी किंवा गमतीचा निघतोच, आणि मग पूर्ण मिनिट हसण्यात जातं.

उताऱ्यासाठी तान्हा पोळा हा इथला मुलांचा सण सुचणं साहजिक आहे. लाकडी नंदी, सजावट, बोजारा म्हणजे मुलांना मिळणारी बक्षिशी, सगळं नागपूरच्या मुलांना तोंडपाठ. नेमकं म्हणूनच तो टाळा. ओळखीच्या विषयावर मूल पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजानं घेतं आणि वेग फुगतो. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तर मुलं कागद उलटा धरूनही वाचतील. शब्द ओळखीचे, पण प्रसंग नवा, असा साठेक शब्दांचा उतारा स्वतः लिहा. त्यात ऱ्हस्व वेलांटीचे आठ-दहा शब्द मुद्दाम पेरा. ही वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेल्या डोळ्याला ती उलटी जाते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये देवनागरीच्या शब्दवाचनावरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हीच वेलांटी तपासाच्या केंद्रस्थानी होती.

माइक, फोन आणि कूलर

फोनचा स्वतःचा माइक शांत खोलीत पुरतो. प्रश्न असा की नागपुरात शांत खोली कधी मिळते. एप्रिलमध्ये कूलर, जुलैत टिनाच्या छपरावरचा पाऊस. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे वर्षाची पहिली फेरी पावसातच पडते. सगळ्यांत स्वच्छ रेकॉर्डिंग दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत मिळतं. शेवटची फेरी मार्चमध्ये घ्या, सकाळची शाळा असताना, दहाच्या आत.

कॉलरला लावायचा वायरचा माइक सीताबर्डीत कुठेही मिळतो. बोया बीवाय-एम१ हे त्यातलं सर्रास दिसणारं मॉडेल: सहा मीटर वायर, आणि फोन व कॅमेरा यांच्यासाठी वेगळी स्थिती असलेलं बटण. बटण फोनच्या बाजूला आहे ना हे प्रत्येक सत्राआधी बघा. हा माइक सगळीकडून सारखंच ऐकतो, म्हणजे मुलाचंही आणि कूलरचंही. त्यामुळे अंतर हीच खरी किल्ली. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो; तोंडापासून १५ सेंटिमीटरवरचा माइक टेबलावर ६० सेंटिमीटरवर गेला की १२ डेसिबल गेले, आणि कूलर मात्र होता तेवढाच. माइक टायवर लावू नका, घासण्याचा आवाज येतो. शर्टच्या पट्टीवर दुसऱ्या बटणापाशी लावा आणि वायरचा एक वेढा क्लिपमध्ये अडकवा. नव्या फोनना गोल जॅक नसतो. टाइप-सी अडॅप्टर घेताना तो तुमच्याच फोनवर माइक पकडतो का ते दुकानातच रेकॉर्ड करून, कान लावून ऐका. काही अडॅप्टर फक्त गाणी ऐकवतात.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये करा: ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५.३ एमबी होतात, शंभर मुलांची दहा-दहा मिनिटं सव्वापाच जीबीत मावतात. फोनचं मूळ रेकॉर्डर बहुधा एम४ए फाइल करतं आणि ती प्रात उघडत नाही. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही एफएफएमपेग हा पूरक भाग जोडून, रूपांतर करत बसावं लागतं. फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून तर मुळीच पाठवू नका. तिथे आवाज चांगलाच दाबला जातो आणि सौम्य व्यंजनांच्या कडा पुसट होतात.

उन्हाचं सांगायला नकोच, तरी सांगतो. फोन तापला की आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. गाडीच्या डिकीत टॅब ठेवून शाळेत पोचणं म्हणजे पहिला तास वाया.

प्रात

प्रात म्हणजे डच भाषेत ‘बोल’. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडवलेलं हे आवाजाच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर जगभरचे ध्वनिशास्त्रज्ञ वापरतात. दिसायला जुनाट, दोन खिडक्या उघडतं, त्यातली चित्रांची बंद करून टाकायची. पण साध्या लॅपटॉपवर पळतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि त्याची खुणांची फाइल साध्या मजकुराची असते, वीस वर्षांनीही उघडेल.

पायऱ्या अशा. फाइल उघडा. ॲनोटेटमध्ये जाऊन ‘टू टेक्स्टग्रिड, सायलेन्सेस’ निवडा. समोर येणाऱ्या चौकटीत शांततेची मर्यादा उणे २५ डेसिबल असते. म्हणजे सगळ्यांत मोठ्या आवाजापेक्षा २५ डेसिबलनं खाली गेलेला भाग तो शांत धरतो. इथेच कूलर आडवा येतो. त्याची घरघर मुलाच्या आवाजाच्या २५ डेसिबलच्या आत असेल तर प्रातला अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये एकही विराम सापडत नाही. मर्यादा उणे १५ वर आणून विराम सापडतात खरे, पण त्यासोबत शब्दांच्या शेवटचे हळू स्वरही शांततेत जमा होतात. त्यापेक्षा ते एक मिनिट कूलर बंद ठेवा.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. किमान विराम मुळात ०.१ सेकंद दिलेला असतो. तो ०.२५ करा. क, ट, प म्हणताना ओठ किंवा जीभ क्षणभर वाट बंद करते, आणि ‘पक्का’, ‘चिठ्ठी’ अशा जोडाक्षरात ही बंदी ०.१ सेकंदाच्या पुढे सहज जाते. तसाच ठेवला तर प्रात शब्दाच्या पोटात विराम दाखवतं आणि उत्तम वाचणारं मूल अडखळणारं ठरतं. किमान पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, १०० ऐवजी १५० ते २०० हर्ट्झ ठेवा. लहान मुलांचा आवाज त्याच्या वरच असतो आणि कडा जास्त नेमक्या मिळतात.

मग माणसाचं काम. व्ह्यू अँड एडिट उघडून टॅबनं ऐकायचं, एंटरनं रेघ मारायची. आवाजाच्या चित्राखाली खुणांच्या तीन पट्ट्या पुरतात: विराम, शब्द, चूक. चुकीच्या पट्टीत संकेत लिहा: ‘वे’ म्हणजे वेलांटी, ‘जो’ म्हणजे जोडाक्षर, ‘अं’ म्हणजे अंदाज, ‘स्व’ म्हणजे स्वतः सुधारलेलं, ‘बो’ म्हणजे बोली. मूल ‘करवत’ हा शब्द सुटा सुटा ‘क, र, व, त’ म्हणतं की ‘कर-वत’ असा दोन ठेचांत, हे इथे दिसतं; आणि वाचन पिकत जाताना आधी अक्षरांमधले विराम जातात, मग शब्दांमधले. टँजरीनच्या एका आकड्यात हे कधीच दिसणार नाही. या तपशिलासाठी प्रातला तोड नाही, आणि त्याची किंमत वेळात मोजावी लागते: एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगला सरावलेल्या हातालाही पंधरा-वीस मिनिटं लागतात.

‘बो’ हा संकेत नागपुरात सगळ्यांत जास्त वापरावा लागतो. वऱ्हाडी वळणाच्या घरात ळचा य होतो आणि णचा न. मूल ‘डोळा’ हा शब्द पाहून ‘डोया’ म्हणतं, ‘पाणी’ पाहून ‘पानी’. अक्षर ओळखलं, शब्द कळला, तोंडातून घरचा उच्चार आला. वाचनाची चूक शून्य. पण काही मुलं खरोखरच ळ ओळखत नाहीत आणि समोर जे सुचेल ते म्हणतात. दोघांतला फरक कळण्यासाठी वाचनाआधी अर्ध्या मिनिटाची चित्रं दाखवा: केळी, कावळा, डोळा, पाणी, कणीस. ‘हे काय?’ एवढंच विचारा. चित्र पाहूनही ‘केयी’ आणि ‘कावया’ आलं तर वाचनातला य बोलीचा. चित्राला ‘कावळा’ आणि कागदावर ‘कावया’ आलं तर ळ पुन्हा तपासा. च आणि जचंही तसंच: ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. हिंदी बोलणाऱ्या घरातलं मूल ‘चाक’मधला च हिंदीसारखा म्हणेल. बरोबर धरा, संकेत लिहा, पुढे चला.

उच्चार ओळखणारी ॲप

गूगलचं ‘बोलो’ मार्च २०१९ मध्ये भारतात आलं आणि २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नावानं मराठीसह नऊ भाषांत पसरलं. गोष्ट डाउनलोड केली की ऑफलाइन चालतं, मूल मोठ्यानं वाचतं, ॲपमधलं ‘दिया’ हे पात्र ऐकून शाबासकी देतं किंवा अडलेला शब्द म्हणून दाखवतं. घरी सराव म्हणून चांगलंच. अभ्यासाचं साधन म्हणून नाही, कारण त्याच्या रचनेतच मुलाचा आवाज फोनवरच तपासून सोडून द्यायचा आहे. संशोधकाला परत ऐकायला काही उरत नाही. मुलाच्या खासगीपणासाठी ते योग्यच.

दुसरी वाट म्हणजे रेकॉर्डिंग व्हिस्परसारख्या, बोललेलं लिहून काढणाऱ्या मॉडेलला देणं. ओपनएआयचं हे मॉडेल २०२२ मध्ये खुलं झालं आणि त्याला मराठी येतं. पण अशी मॉडेलं घडवलेली असतात ती बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते लिहायला. मुलानं ‘पातळ’चं ‘पाताळ’ केलं आणि पुढे ‘वरण’ हा शब्द आला, तर मॉडेलचा कल ‘पातळ वरण’ लिहिण्याकडेच असतो. अडखळणं, ‘क... क... कमळ’ असं पुन्हा पुन्हा म्हणणं ते गाळून टाकतं. लांब विरामात कधी कधी कुणीच न बोललेली वाक्यंही लिहून ठेवतं. ऐकलेल्या बातम्या लिहून काढणाऱ्याला हे गुण वाटतील; आपल्याला हवं असतं नेमकं तेच जे हे पुसतं. शिवाय ‘डोया’चं ते काय करेल याचा नेम नाही. याचा एकच उपयोग आम्हाला पटतो: शेकडो फाइलींतून रिकाम्या आणि बिघडलेल्या फाइली आधी बाजूला काढणं.

डोळ्यांचा माग

खरं यंत्र घ्यायचं तर कॅनडाच्या एसआर रिसर्चचं आयलिंक किंवा स्वीडनच्या टोबीचं. आयलिंक १००० प्लस सेकंदाला २००० वेळा डोळा टिपतो. किंमत लाखांत, हनुवटीचा स्टँड, आणि सात वर्षांच्या मुलानं न हलण्याची अपेक्षा. ही यंत्रं अवरक्त प्रकाशावर चालतात, म्हणून खिडकीतून ऊन येणाऱ्या वर्गात त्यांचा उपयोग नाही. पडदे लावलेली खोली हवी.

वेबकॅमवर हेच फुकट करून देणारी साधनं वाचनाच्या अभ्यासाला घेऊ नका. गणित पाहा. प्रौढ वाचकाची नजर एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते आणि उडी २० ते ४० मिलिसेकंदांत घेते. ३० फ्रेमचा कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांनी एक चित्र घेतो, म्हणजे उडी दोन चित्रांच्या मधेच हरवते. आणि नजरेच्या दिशेत ४ अंशांची चूक असेल, तर अर्ध्या मीटरवरच्या स्क्रीनवर ती साडेतीन सेंटिमीटर होते, म्हणजे दोन शब्द. मूल चित्राकडे बघतंय की मजकुराकडे, एवढंच त्यावरून कळेल.

परवानगी आणि खुणांची शिस्त

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. मुख्याध्यापकांची सही तिची जागा घेत नाही. संमतीपत्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापा, आवाज रेकॉर्ड होणार हे पहिल्याच ओळीत लिहा. फाइलीला मुलाचं नाव देऊ नका. शाळा, मूल आणि फेरी यांचे आकडे द्या, आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच नाव विचारून घ्या, नाहीतर ते आवाजात राहतं.

चाचणी घेणाऱ्यांची तयारी एकाच रेकॉर्डिंगवर करून घ्या. सगळ्यांनी तेच ऐकून खुणा करायच्या आणि जुळवायच्या. पन्नास शब्दांपैकी निदान पंचेचाळीसवर एकमत झाल्याशिवाय कुणाला शाळेत पाठवू नका. ‘बो’ आणि ‘अं’ यांवर भांडण होणारच. ते आधी होऊ द्या आणि निर्णय एका कागदावर लिहून ठेवा: ‘शाया’ बरोबर, ‘पानी’ बरोबर, ‘आहे’च्या जागी ‘आहेत’ चूक.

चाळीस मुलांचा एक-एक मिनिटाचा उतारा प्रातमध्ये खुणावणं म्हणजे दहा ते सव्वातेरा तासांचं काम, आणि ते एका बैठकीत होत नाही. दिवसाला आठ फाइली पुरे. संपल्यावर पहिल्या पाच फाइली खुणा लपवून पुन्हा ऐका. बहुतेक वेळा ‘अं’ची संख्या बदललेली निघते, कारण पस्तीस मुलं ऐकून झाल्यावर कानाला अंदाज कुठला आणि अडखळणं कुठलं हे वेगळं ऐकू यायला लागलेलं असतं, मग त्या पाच फाइली नव्यानं खुणावायच्या.